ऑगस्टमध्ये मागणी खरंच घटली होती का?

(वाचकाच्या पत्राचा गोषवारा, ओळख पटेल असे तपशील वगळून)

सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखानदारांचं पत्र आलं आहे. वय पंचावन्नच्या आसपास, फॅक्टरी वडिलांनी सुरू केलेली. बिया उकडण्यापासून मसाला काजू पाकिटात भरण्यापर्यंत सगळं तिथेच होतं. फोडायला, सोलायला, निवडायला गावातल्या २२ बायका. विक्रीतला साधारण ६० टक्के माल साधा गर, बाकी भाजलेला, खारा आणि मसाल्याचा. गिऱ्हाईक म्हणजे पणजी, म्हापसा, कळंगुट, मडगाव इथले दुकानदार. बँकेचं कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) ६० लाखांचं, आणि दुकानदारांकडे सरासरी ७५ दिवस अडकून पडलेले २८ लाख.

१५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी उतरणार अशी घोषणा झाली आणि दुकानदारांनी ऑर्डरी थांबवल्या. यांनी उकडणी निम्म्यावर आणली आणि चवथीच्या तोंडावर ११ बायकांना 'कळवीन तेव्हा या' म्हणून घरी पाठवलं. २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले, ऑर्डरी दुपटीने आल्या, पण तोवर बायका दुसरीकडे कामाला लागल्या होत्या. चंदगडहून चढ्या भावाने गर आणून वेळ मारून नेली. नवी माणसं घेतली, तुकडा (फुटलेला गर) वाढला. जानेवारीत ऑर्डरी पुन्हा आटल्या आणि आता माल गोदामात पडून आहे. एमबीए झालेला मुलगा म्हणतो, प्रक्रिया बंद करून तयार गराचं नुसतं पॅकिंग करूया, नाहीतर निदान चांगलं सॉफ्टवेअर तरी घेऊया. पत्राचा शेवट असा : "सरकार दर सहा महिन्यांनी काहीतरी बदलतं. लहान माणसाने धंदा करायचा कसा? मार्चमध्ये बिया घेऊ की फॅक्टरीला कुलूप लावू?"

नमस्कार.

तुमच्या पत्रात 'मागणी' हा शब्द सात-आठ वेळा आला आहे. ऑगस्टमध्ये मागणी घटली, ऑक्टोबरमध्ये वाढली, जानेवारीत पडली. मला एक सांगा, ऑगस्टमध्ये गोव्यात काजू खाणारी माणसं कमी झाली होती का? पावसाळ्यात पर्यटक कमी असतात हे खरं, पण ते दरवर्षीच असतात. दुकानातून पाकिटं किती गेली हे तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की दुकानदाराने तुम्हाला फोन केला नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचं गेलं अर्धं वर्ष या फरकात गेलं असं मला वाटतं.

आधी धोरणाचा वाटा नेमका किती होता ते मोजूया. १५ ऑगस्टच्या घोषणेत काजूचं नाव नव्हतं. कुठल्या वस्तूवर किती, हे ३ सप्टेंबरच्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर कळलं. भाजलेला आणि खारा काजू १२ टक्क्यांवरून ५ वर आला. साधा गर आधीपासूनच ५ टक्क्यांत होता आणि तिथेच राहिला. म्हणजे तुमच्या ६० टक्के मालावर या निर्णयाचा काडीचा परिणाम नव्हता. उरलेल्या ४० टक्क्यांत हजार रुपयांच्या मालावर ११२० ऐवजी १०५० पडणार होते, म्हणून दुकानदार थांबला, हे समजण्यासारखं आहे. पण त्याची भीतीही थोडी जास्तच होती. नियमित जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराने १२ टक्क्यांनी घेतलेल्या मालाचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करण्याची सोय) बुडत नव्हतं, ते इतर मालाच्या करापोटी वापरता येत होतं. खरा फटका होता तो कंपोझिशनमधल्या (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याच्या सोप्या योजनेतल्या) छोट्या दुकानदाराला, कारण त्याला क्रेडिटच मिळत नाही. तुमच्या गिऱ्हाइकांत कोण कुठल्या प्रकारात आहे याची यादी तुमच्याकडे आहे का? असती तर ४ सप्टेंबरला सकाळी तुम्ही निम्म्याहून जास्त दुकानांना फोन करून सांगू शकला असता, की साध्या गराची वाट बघण्यात अर्थ नाही, गाडी पाठवतो.

तर सरकारने केलं ते इतकंच : विक्रीच्या ४० टक्के भागाला पाच आठवडे उशीर. त्याचं पाच-सहा महिन्यांचं रामायण कुठे झालं?

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एमआयटीमध्ये जे राइट फॉरेस्टर नावाचे एक प्राध्यापक होते. मूळचे विद्युत अभियंते, नुकतेच व्यवस्थापन शाळेत आलेले. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यातले लोक त्यांच्याकडे एक कोडं घेऊन आले. काही वर्षं कारखाना ओव्हरटाइमवर चालायचा, मग दोन-तीन वर्षांनी निम्मी माणसं घरी बसवावी लागायची. 'बाजारातली तेजी-मंदी' हे उत्तर त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. फॉरेस्टरनी कागद-पेन्सिल घेतली, साठा किती, ऑर्डरी किती, माणसं कधी घेतात, कधी काढतात एवढंच विचारलं आणि आठवड्यामागून आठवडा हाताने मांडत गेले. निघालं असं, की ऑर्डरींचा ओघ अगदी स्थिर धरला तरी त्या कारखान्याच्या स्वतःच्या नियमांमुळे माणसं घेणं-काढणं वर-खाली होतच राहायचं.

त्याच परंपरेतून एमआयटीत एक खेळ तयार झाला, तो जगभरच्या व्यवस्थापन शाळांत अजून खेळतात. तुमच्या चिरंजिवांनीही बहुधा खेळला असेल. दुकानदार, घाऊक विक्रेता, वितरक, कारखाना अशी साखळी, माल बिअरचा. गिऱ्हाइकाची मागणी सुरुवातीला आठवड्याला ४ खोकी असते, एकदाच ८ होते आणि शेवटपर्यंत ८ च राहते. पण ऑर्डर आणि माल यांच्यात काही आठवड्यांचा उशीर असतो आणि प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची ऑर्डर दिसते. तेवढ्यावर कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर ऑर्डरी अफाट फुगतात आणि मग शून्यावर येतात. खेळ संपल्यावर कारखानदार झालेले लोक शपथेवर सांगतात, की गिऱ्हाइकाची मागणी प्रचंड हेलकावे खात होती.

आता तुमचा ऑक्टोबर बघा. तुमच्याकडे माल नव्हता म्हणून तुम्ही प्रत्येकाला मागितल्याच्या निम्मा दिला. दुकानदार काय खुळा आहे? निम्माच मिळणार असेल तर तो पुढच्या वेळी दुप्पट मागणार. शिवाय त्याने तीच ऑर्डर आणखी एका फॅक्टरीलाही दिली असेल. ती फुगलेली ऑर्डर तुम्ही खरी धरलीत, चंदगडचा महाग गर घेतलात, माणसं भरलीत. डिसेंबर संपताना दुकानदाराच्या फळ्या भरलेल्या होत्या, म्हणून जानेवारीत त्याने फोन उचलला नाही. जानेवारीत जीएसटी कुठे बदलला होता?

हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. साखळीतल्या प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणानेच निर्णय घेतला होता. अडचण जोडणीत आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. चवथीच्या तोंडावर त्या बायकांना घरी पाठवणं हा तुमचा सगळ्यात महाग निर्णय होता. माणुसकी क्षणभर बाजूला ठेवली तरी महागच. अख्खा गर न फोडता सोलणारा हात तयार व्हायला महिने लागतात, आणि तो हात घालवायला एक निरोप पुरतो.

तुकड्याविषयी तुम्ही नव्या माणसांना दोष दिला आहे. पत्रासोबतचं दरपत्रक मी पाहिलं. फोडणीची मजुरी तुम्ही किलोवर देता, अख्खा निघो की पाकळी. डब्ल्यू-३२० या अख्ख्या गराच्या प्रतीला आणि तुकड्याला बाजारात काय भाव येतो ते तुम्ही मला सांगायला नको. म्हणजे तुम्हाला पैसे मिळतात अख्खेपणाचे आणि तुम्ही पैसे देता वेगाचे. त्यात ऑक्टोबरच्या घाईत बिया पुरेशा वाळल्या होत्या का, उकडणीची वाफ आणि वेळ सांभाळली होती का, हेही तपासा, कारण फुटण्याचं निम्मं कारण सोलणारीच्या हातात यायच्या आधीच घडलेलं असतं. त्याच दरपत्रकाच्या मागे दिवाळीची स्कीम आहे : दहा पेट्यांवर एक मोफत. ती ऑक्टोबरमध्ये चालू ठेवलीत! माल पुरत नसताना दुकानदाराला आणखी साठवायचं आमिष. दिल्लीचं धोरण न विचारता बदलतं म्हणून आपण चिडतो, पण मजुरीचा दर, स्कीम, उधारीचे दिवस हीही धोरणंच आहेत, आणि ती तुमच्या सहीने चालतात.

याचा अर्थ सरकारी धोरणाने काही होत नाही असा नाही. सत्तरी-डिचोलीच्या माणसाला ते सांगायची माझी हिंमत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये इथल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. तो धक्का कुणाच्याही उधारीच्या शिस्तीने परतवता आला नसता. पण तेव्हाही एकाच गावातल्या, खनिज वाहणाऱ्या दोन ट्रकवाल्यांची स्थिती सारखी नव्हती. चीनची खरेदी जोरात असताना, भाव असाच राहणार असं धरून कर्जावर तिसरा-चौथा ट्रक घेतलेला माणूस आणि एकच, फिटलेला ट्रक असलेला माणूस यांना तीच बंदी वेगळी लागली. उलट काही धोरणं पाहुण्यासारखी येतात. २२ मे २०२२ ला लोहखनिजावर सरसकट ५० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि १९ नोव्हेंबरला मागे घेतलं गेलं. म्हणून बातमी आली की आधी विचारायचं : हे राहणार आहे की जाणार आहे? पाच आठवड्यांच्या उशिरासाठी कायमची माणसं तोडली, हा तुमचा हिशेब तिथेच चुकला.

तुमच्या धंद्यात खरोखर वजनदार असलेली धोरणं तुमच्या पत्रात मात्र आलीच नाहीत. शेतकऱ्याकडून थेट बिया घेता तेव्हा रिव्हर्स चार्जचा (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा) ५ टक्के जीएसटी तुम्ही भरता, तोही रोखीने. ८० लाखांच्या बिया घेतल्या तर ४ लाख ऐन हंगामात खिशातून गेले. त्याचं क्रेडिट मिळतं, पण गर विकला जाईल तसतसंच ते वापरलं जातं, आणि खाऱ्या मालावरचा कर १२ वरून ५ झाल्यावर ते आता आणखी सावकाश वापरलं जाईल. दर कमी झाल्याचा आनंद करताना ही बाजू कुणी बघत नाही. मार्चच्या भांडवलात ही रक्कम वेगळी धरा.

दुसरं व्याज. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ वर आणला. तुमचं कर्ज व्यापारी बँकेचं आणि रेपोशी जोडलेलं असेल तर ही कपात तुमच्यापर्यंत यायलाच हवी. सहकारी बँकेचं असेल तर तो नियम लागू नाही, मंजुरीपत्र काढून बघा. पूर्ण सव्वा टक्का मिळाला आणि ६० लाख वर्षभर उचललेले राहिले तर वाचतील ७५ हजार. आता दुसरीकडे बघा : दुकानदारांकडचे ७५ दिवस ४५ वर आणलेत तर २८ लाखांपैकी ११ लाख २० हजार मोकळे होतात. १० टक्के व्याज धरलं तर वर्षाला १ लाख १२ हजार. रिझर्व्ह बँकेने वर्षभरात दिलं त्याच्या दीडपट, आणि ते तुमच्या हातात आहे.

इथे कायदाही तुमच्या बाजूने आहे. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरात अशी तरतूद आली, की सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. पहिल्याच दिवशी हा कायदा फडकवून गिऱ्हाईक तोडू नका. बिलावर उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ छापा, आणि दुकानदाराच्या सीएला कळू द्या. मार्च जवळ आला की तेच आठवण करून देतील. एक सावधगिरी : ही सवलत उत्पादकाला आहे. प्रक्रिया बंद करून नुसते व्यापारी झालात तर हे संरक्षण तुमच्या हातून जाईल.

त्यावरून मुलाच्या सूचनेकडे येते. तयार गर आणून पॅकिंग करणं मूर्खपणा नाही. भांडवल कमी अडकतं, मार्चचा जुगार टळतो. पण मग तुमच्यात आणि कळंगुटच्या कुठल्याही पाकीटवाल्यात फरक काय? गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, बाहेरचा गर 'गोव्याचा काजू' म्हणून विकता येणार नाही. स्वस्त आयात गराचं म्हणाल तर जून २०१९ पासून किमान आयात किंमत आहे, अख्ख्या गराला किलोमागे ७२० रुपये. ती भिंत आज आहे, उद्या उतरलीही जाऊ शकते, आणि त्या दिवशी नुसत्या पॅकिंगवाल्याला शेकड्याने स्पर्धक मिळतील. धोरणांना कंटाळून तुम्ही अशा धंद्यात जाल जो धोरणावर जास्त अवलंबून आहे. तरीही मी 'प्रक्रिया सोडू नका' असं डोळे मिटून म्हणणार नाही. गेल्या तीन वर्षांचा हिशेब मांडा : चार किलो बियांमागे साधारण एक किलो गर, त्यात मजुरी, जळण, व्याज, तुकड्याचा तोटा. चंदगडचा गर त्या-त्या महिन्यात घरपोच किती पडला असता ते शेजारी लिहा. तीनपैकी दोन वर्षं तुमचाच महाग पडला असेल तर मुलगा बरोबर आहे. एका बिघडलेल्या वर्षावरून मात्र निकाल देऊ नका.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ते दुकानदाराची फुगलेली ऑर्डर तुम्हाला फक्त लवकर आणि रंगीत दाखवेल.

मार्चचं विचारलंत. मी तुमच्या जागी असते तर गोदामातला गर किती आठवडे पुरेल ते आधी मोजलं असतं आणि गेल्या वर्षीच्या साधारण दोन-तृतीयांश स्थानिक बिया घेतल्या असत्या. गोवा बागायतदार या सहकारी संस्थेचा दर जाहीर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळी रक्कम न ओतता, एप्रिल-मेपर्यंत टप्प्याने. उरलेली गरज ऑक्टोबरनंतर बघता येते, कारण टांझानियाचा हंगाम तेव्हा सुरू होतो आणि मंगळूरच्या व्यापाऱ्यांकडे आयात बिया मिळतात. तो गर मानांकनाच्या पाकिटात घालायचा नाही, हे ओघाने आलंच. परदेशी बियांवरही पूर्ण विसंबू नका. बेनिनने २०२४ पासून कच्च्या बियांची निर्यात बंद करायचं धोरण घेतलं आहे, तशी पावलं इतरही देश उचलू शकतात.

बायकांना परत बोलवा, आणि महिन्याला ठरावीक दिवस कामाची खात्री द्या, ऑर्डर असो-नसो. फोडणीच्या मजुरीत अख्ख्या गराला जास्त दर लावा. दिवाळीची स्कीम बंद करून वर्षभर एकच भाव ठेवा. आणि एक नियम भिंतीवर लावा : कराची बातमी आली तर सहा आठवडे माणसांच्या संख्येला हात लावायचा नाही.

घरगुती गेस्ट हाऊस चालवणाऱ्या काही वाचकांनीही या करबदलाबद्दल विचारलं होतं, हे त्यांच्यासाठी. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ वरून ५ झाला, पण इनपुट क्रेडिट गेलं. यंदा रंगकाम, एसी, गाद्या असा १८ टक्क्यांचा मोठा खर्च काढणार असाल तर तो कर आता तुमच्याच अंगावर पडणार. भाडं कमी करायच्या आधी तो आकडा मांडा.

आणि 'लहान माणसाचं कोण ऐकतो' असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. जीएसटी परिषदेत प्रत्येक राज्याचा प्रतिनिधी बसतो. सप्टेंबर २०१९ ची बैठक तर आपल्या गोव्यातच झाली आणि तिथे महागड्या हॉटेल खोल्यांचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पर्यटन व्यवसायाने ती मागणी लावून धरली होती. रिव्हर्स चार्जमुळे हंगामात किती रक्कम अडकते, याचा सत्तरीतल्या आठ-दहा फॅक्टऱ्यांचा एकत्र आकडा काजू उत्पादकांच्या संघटनेमार्फत पाठवलात तर तो अर्जापेक्षा जास्त बोलेल.

चिरंजिवांना काम द्या. तुमच्या मोठ्या दुकानांपैकी दहा निवडा, दर सोमवारी फळीवर आणि आत किती पाकिटं उरली याचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा, बदल्यात त्या दुकानांना टंचाईच्या काळात पहिला माल द्यायचं कबूल करा. काय गेलं ते त्याने वहीत लिहायचं, आणि उकडणी किती लावायची ते तुम्ही त्या वहीवरून ठरवायचं. बिया यायच्या आत चार सोमवारचे आकडे हाताशी असले तर खरेदीचा जो अंदाज मी वर दिला आहे तो बिनदिक्कत बदला.